परदेशातली सही आणि दुय्यम निबंधकाची खिडकी

समजा वडील गेले. साताऱ्याकडे एक घर आणि थोडी जमीन मागे राहिली. वारस तिघं. थोरला पुण्यात, धाकटा कॅनडात, बहीण शारजाला. भांडण नाही, रुसवेफुगवे नाहीत. घर विकायचं एकमताने ठरलंय, गिऱ्हाईकही तयार आहे. या सगळ्या व्यवहारातली सर्वांत अवघड गोष्ट कोणती असेल? भाव ठरवणं नाही, घेणाऱ्याचं कर्ज मंजूर होणं नाही. सर्वांत अवघड म्हणजे धाकट्याची सही.

असं घर तुमच्या नात्यात नसेल तर दोन घरं सोडून नक्की असेल. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. लांबण लागेल, पण ज्याला गरज आहे तो वाचेल.

धाकट्याला विक्रीसाठी इथे यायचं नसेल तर त्याने थोरल्याच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून द्यायचं. आपण सगळे 'पॉवर ऑफ ॲटर्नी' म्हणतो तेच. मजकूर वकील लिहून देतो, तो ईमेलने जातो, तिकडे सही होते, मूळ कागद कुरिअरने इकडे येतो. ऐकायला सोपं. प्रश्न येतो तो सही कुणासमोर करायची इथे. धाकटा फोनवर विचारतो, "दादा, इथला नोटरी चालेल का?" दादा वकिलांना विचारतो. वकील म्हणतात, कायद्याने चालायला पाहिजे, पण आपल्या ऑफिसातले साहेब घेत नाहीत, कॉन्सुलेटचाच शिक्का आणा. शेजारच्या तालुक्यातला एजंट म्हणतो, अपॉस्टिल लागतं. तिसरा कुणी म्हणतो, दोन्ही करून ठेवा, उगाच हेलपाटा नको. हा 'उगाच हेलपाटा नको' सगळ्यात महागडा सल्ला आहे. कारण दोन्ही करायचं म्हणजे धाकट्याने तीन-चार वेळा रजा टाकायची, दोन-तीन ठिकाणी पैसे भरायचे, आणि तेवढे आठवडे गिऱ्हाईकाला धरून ठेवायचं.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. भारतीय नोंदणी अधिनियम १९०८ चा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. त्याच्या कलम ३३ मध्ये मुखत्यारपत्र कुणासमोर झालेलं असावं हे लिहिलंय. देणारा भारताबाहेर राहत असेल तर ते नोटरी पब्लिक, किंवा न्यायालय, न्यायाधीश, मॅजिस्ट्रेट, किंवा भारतीय कॉन्सुल अथवा व्हाइस कॉन्सुल, किंवा केंद्र सरकारचा प्रतिनिधी यांच्यासमोर करून त्यांनी प्रमाणित केलेलं असावं. त्या वाक्यात सगळीकडे 'किंवा' आहे. 'आणि' कुठेही नाही. कॉन्सुल हा यादीतला एक पर्याय आहे, शेवटची पायरी नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ८५ मध्येही जवळजवळ हीच यादी होती, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कायम आहे.

कुणी म्हणेल, कायद्यातला नोटरी म्हणजे आपला इथला नोटरी, कॅलिफोर्नियातला नव्हे. हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलाय, तोही १९७० साली. जुगराज सिंग विरुद्ध जसवंत सिंग या खटल्यात नेमकं कॅलिफोर्नियातल्या नोटरीसमोर झालेलं मुखत्यारपत्र होतं. नोटरी म्हणजे फक्त भारतात नेमलेला नोटरी, असा अर्थ न्यायालयाने मान्य केला नाही. पण त्याच खटल्यात एक गोष्ट आहे जी प्रत्येकाने लक्षात ठेवावी. तिथे दोन मुखत्यारपत्रं होती. पहिलं सदोष ठरलं, कारण सही करणारा माणूस तोच आहे याची आपण खात्री करून घेतली, असं नोटरीने कागदावर म्हटलेलं दिसत नव्हतं. दुसऱ्यात ते होतं, म्हणून ते टिकलं. म्हणजे भानगड नोटरी कुठल्या देशाचा यात नव्हती, त्याने काय लिहिलं यात होती. आपण मात्र पन्नासहून जास्त वर्षं शिक्क्याचा रंग बघत बसलोय आणि त्याखालची ओळ वाचत नाही.

आता अपॉस्टिल. हा शब्द ऐकून लोक दचकतात. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने ठरवून दिलेला तो एक चौकोनी छाप किंवा चिकटवलेला कागद असतो. बाजू किमान नऊ सेंटिमीटर, वर फ्रेंचमध्ये शीर्षक, आत दहा क्रमांकांचे रकाने. त्याचं काम एकच. या कागदावर ज्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का आहे तो खरोखर त्या पदावरचा आहे, एवढं त्याच्या देशाचं सरकार सांगतं. मजकूर खरा की खोटा याच्याशी त्याचा संबंध नाही. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. त्याचं कलम ९ फार कमी लोकांनी वाचलंय. जिथे करारामुळे दूतावासाच्या साक्षांकनाची गरज उरलेली नाही, तिथे आपल्या दूतावासांकडून तसं साक्षांकन होऊ नये यासाठी सदस्य देशांनी पावलं उचलायची आहेत. म्हणजे अपॉस्टिल झालेल्या कागदावर पुन्हा कॉन्सुलेटचा शिक्का मागणं हे नुसतं जास्तीचं काम नाही, ज्या करारावर आपण सही केली त्याच्या उलट जाणारं काम आहे.

कॅनडाचंच उदाहरण घेतलंय त्याला कारण आहे. कॅनडा या करारात उशिरा आला. तिथे तो ११ जानेवारी २०२४ ला लागू झाला. त्याआधी तिथल्या आपल्या माणसांना कॉन्सुलेटशिवाय पर्याय नाही असं इथले एजंट सांगायचे, आणि त्यात थोडंफार तथ्य होतं. आता ओंटारिओ किंवा ब्रिटिश कोलंबिया प्रांत स्वतः अपॉस्टिल देतो. पण नियम बदलला हे खिडकीवर कळायला किती वर्षं लागतात? त्याचं उत्तर २००५ पासून आपण बघतोच आहोत.

आणि गंमत अशी की परदेशी नागरिकत्व घेतलेला माणूस कॉन्सुलेटकडे गेला की काही ठिकाणी त्याला सांगतात, तुम्ही आता आमचे नागरिक नाही, तुम्ही तिथल्या सरकारचं अपॉस्टिल घ्या. तो ते घेऊन कागद पाठवतो. इकडचे साहेब म्हणतात, कॉन्सुलेटचा शिक्का कुठाय? एकाच देशाची दोन कार्यालयं, आणि मधे एक माणूस चेंडूसारखा.

साहेबांचीही बाजू आहे, ती न सांगणं अन्यायाचं होईल. परदेशी मालकांच्या जमिनी बनावट मुखत्यारपत्रावर विकल्या जातात हे खरं आहे. कित्येक वर्षं मुखत्यारपत्रावरच 'विक्री' करायची पद्धत इतकी फोफावली होती की २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला सुरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगावं लागलं की अशा मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, रीतसर नोंदवलेलं खरेदीखतच लागतं. दुय्यम निबंधकाने बोगस कागद नोंदवला आणि पुढे गुन्हा दाखल झाला तर चौकशीला त्यालाच उभं राहावं लागतं. अशा वेळी त्याला राष्ट्रचिन्हाचा, अशोकस्तंभाचा शिक्का ओळखीचा वाटतो आणि टोरांटोच्या नोटरीचं गोल उमटवलेलं कोरडं सील अनोळखी वाटतं. हे माणूस म्हणून समजण्यासारखं आहे.

पण शिक्का ओळखीचा असणं आणि शिक्का खरा असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ओळखीचा शिक्का बनवून घेणं जास्त सोपं. उलट अपॉस्टिलवर क्रमांक आणि तारीख असते, आणि देणाऱ्या कार्यालयाने त्याची नोंद ठेवायची, कुणी विचारलं तर ताडून सांगायचं, हे करारातच आहे. अनेक देशांत ही नोंद इंटरनेटवर तपासता येते. क्रमांक टाकला, तारीख टाकली, उत्तर आलं. साहेबांच्या टेबलावर संगणक आहेच. फसवणूक थांबवायची असेल तर ती तिथे थांबते. धाकट्याला आणखी एका रांगेत उभं करून थांबत नाही. कॉन्सुलेटही मजकुराची जबाबदारी घेत नाही, तसं त्यांच्या शिक्क्यातच बऱ्याचदा छापलेलं असतं.

धाकटा कॅनडातला असल्याने त्याची गाडी निदान चालत राहते. रजा आहे, कार आहे, क्रेडिट कार्ड आहे. त्रास बहिणीला जास्त. संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत हे देश अपॉस्टिल करारात नाहीत. ओमान, बहरीन आहेत, सौदी २०२२ च्या शेवटी आलं. म्हणून शारजातल्या बहिणीला व्यवहारात आपल्या कॉन्सुलेटचाच रस्ता धरावा लागतो. तिथला नोटरी सरकारी, त्याचं काम अरबीत, आणि मग त्याचं भाषांतर. रत्नागिरी, रायगडातून तिकडे गेलेला वेल्डर किंवा ड्रायव्हर असेल तर बघायलाच नको. कामाच्या दिवशी अपॉइंटमेंट, म्हणजे एक दिवसाचा पगार गेला. कॅम्पवरून येण्याजाण्याचा खर्च वेगळा. फॉर्ममध्ये एक फोटो कमी निघाला की पुन्हा पुढच्या आठवड्यात. एवढं करून मुखत्यारपत्र खेडला किंवा मंडणगडला पोचतं आणि तिथे कुणीतरी म्हणतं, यात गट नंबर चुकलाय, नवीन करून आणा. म्हणून गावाकडच्यांना हात जोडून विनंती: मजकूर तिकडे पाठवण्याआधी ताज्या सातबाऱ्याशी शब्दन् शब्द ताडून बघा. तुमची पाच मिनिटं म्हणजे त्याचा दिवसाचा पगार आहे.

'नोटरी' हा शब्दही आपल्याला चकवतो. आपल्याकडे नोटरी म्हणजे कोर्टाबाहेर छत्रीखाली टेबल टाकून बसलेले वकीलसाहेब, तिकिटं चिकटवली की काम झालं. तीच कल्पना घेऊन आपला माणूस तिकडे जातो. अमेरिकेत नोटरी बँकेत किंवा कुरिअरच्या दुकानात भेटतो, आणि कॅलिफोर्नियात तर एका सहीचे पंधरा डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाहीत. इंग्लंडमध्ये उलट. तिथे नोटरी हा सॉलिसिटरपेक्षा वेगळा, मोजकाच व्यवसाय, आणि त्यांची नेमणूक आजही कँटरबरीच्या आर्चबिशपच्या एका न्यायालयाकडून होते. (आपल्या तहसील कार्यालयाला नावं ठेवण्याआधी हे आठवावं.) त्यांची फीही तशीच भरभक्कम. जर्मनीत नोटरी जवळजवळ न्यायाधीशाच्या मानाचा, तो दस्त स्वतः मोठ्याने वाचून दाखवतो. म्हणून 'तिकडच्या नोटरीकडून करून घे' हे वाक्य ऑस्टिनला म्हटलं तर दुपारच्या सुट्टीत होणारं काम असतं आणि लंडनला म्हटलं तर महिन्याच्या बजेटचा विषय. हे इकडच्या भावंडांना माहीत नसतं, आणि मग 'एक सही करायला इतके दिवस?' असे टोमणे सुरू होतात. मालमत्तेवरून न झालेलं भांडण शिक्क्यावरून होतं.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने नवरा-बायकोची मालमत्ता साधारणपणे सामाईक धरतात. त्यामुळे विकताना जोडीदाराचीही सही लागते. म्हणजे म्हापशाच्या घरात कधी पाऊल न टाकलेल्या परदेशी सुनेलाही मुखत्यारपत्र करावं लागतं. दोघांचे पासपोर्ट दोन देशांचे असले तर दोघांच्या कागदाचे रस्तेही वेगळे होऊ शकतात.

सरकारला हे सोपं करता येत नाही असं मुळीच नाही. पेन्शनरांचा हयातीचा दाखला बघा. २०१४ साली जीवन प्रमाण आलं, पुढे २०२१ मध्ये मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला द्यायची सोय झाली. माणूस जिवंत आहे हे मोबाइलवर पटतं, मग त्याने भावाला अधिकार दिला हे का पटू नये? आपल्याच नोंदणी विभागात भाडेकरार घरबसल्या ऑनलाइन होतो, आधारवर अंगठा लावून. अर्थात यात आधारची अडचण आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याला आधार हवं तर आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेलं असावं लागतं. तो तेवढे दिवस इथे राहिला असता तर मुखत्यारपत्र कशाला करत बसला असता?

मला वाटतं मागणी एकच आणि नेमकी असावी. पुण्यात नोंदणी महानिरीक्षक व मुद्रांक नियंत्रकांचं कार्यालय आहे. त्यांनी राज्यातल्या सगळ्या दुय्यम निबंधकांसाठी एक पानी परिपत्रक काढावं. कलम ३३ मधल्या यादीतला कोणताही एक अधिकारी पुरेसा आहे. करारातल्या देशाचं अपॉस्टिल असेल तर वर दुसरा शिक्का मागायचा नाही, शंका असेल तर क्रमांक ऑनलाइन तपासायचा आणि तपासल्याची प्रत दस्ताला जोडायची. करारातले देश कोणते याची यादी भिंतीवर लावायची, आणि ती बदलली की बदलायची. याला नवीन कायदा लागत नाही, विधिमंडळाचं अधिवेशन लागत नाही. साहेबांनाही हे हवंच असेल, कारण उद्या चौकशी झाली तर दाखवायला कागद असेल. आज त्यांच्याकडे तो नाही, म्हणून ते सगळ्यांकडून सगळंच मागतात.

परिपत्रक येईल तेव्हा येईल. तोवर काय करायचं?

सही करण्याआधी नोटरीच्या प्रमाणपत्राचा मजकूर मागवून घ्या. 'या व्यक्तीची ओळख पासपोर्ट बघून पटवली, पासपोर्ट क्रमांक अमुक, तिने माझ्यासमोर सही केली' अशा अर्थाचं त्यात हवंच. प्रत्येक पानावर सही, फोटोवर अर्धी सही अर्धा शिक्का, दोन साक्षीदार आणि त्यांचे पत्ते. करारातला देश असेल तर वर अपॉस्टिल घ्या, कायद्याला नाही तरी खिडकीला त्याचा उपयोग होतो. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं असतं, मुद्रांक कायद्याच्या कलम १८ प्रमाणे. तीन महिने सहीच्या तारखेपासून नव्हेत, कागद राज्यात पहिल्यांदा आला त्या दिवसापासून. म्हणून कुरिअरचं पाकीट फेकू नका. त्यावरची तारीखच तुमचा पुरावा. ही एक गोष्ट विसरल्यामुळे चांगले कागद कपाटात बाद होऊन पडलेले असतात.

आणि खिडकीवर 'हे चालणार नाही' असं ऐकलं तर आवाज चढवू नका. शांतपणे सांगा, साहेब, लेखी द्या. नोंदणी कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे दुय्यम निबंधकाने नोंदणी नाकारली तर तसा आदेश करून कारणं पुस्तक क्रमांक २ मध्ये लिहायची असतात, दस्तावर 'नोंदणी नाकारली' असा शेरा मारायचा असतो, आणि मागितल्यास कारणांची प्रत फुकट द्यायची असते. कलम ७२ प्रमाणे त्याविरुद्ध तीस दिवसांत जिल्ह्याच्या निबंधकाकडे अपील करता येतं. सगळा खेळ तोंडी नकारावर चालतो. दस्त दाखलच करून घ्यायचा नाही, नुसता चाळून परत द्यायचा, म्हणजे ना आदेश, ना अपील. त्यामुळे दस्त आधी रीतसर सादर करा, फी भरा, मग नकार घ्या. गिऱ्हाईक घाईत असतं, वकिलांना रोज त्याच ऑफिसात जायचं असतं, म्हणून हे कुणी करत नाही, ते मला कळतं. पण ज्यांच्या व्यवहाराला घाई नाही, वारसांमधलं हक्कसोडपत्र आहे, बक्षीसपत्र आहे, त्यांनी तरी करावं. एका जिल्ह्यातून असे पाच-दहा लेखी नकार वर गेले की परिपत्रकाचा विषय आपोआप टेबलावर येतो.

ज्यांनी असा लेखी नकार खरोखर मिळवलाय, त्यांनी नाव आणि गट नंबर झाकून त्याची प्रत मला इनबॉक्समध्ये पाठवा. तालुका आणि कोणता शिक्का मागितला तेवढं लिहा. सगळे एकत्र करून पुण्याच्या कार्यालयात अर्जासोबत देणार आहे, आणि त्यावर काय कारवाई झाली हे माहिती अधिकारात विचारणार आहे.